उतारावरची ब्लॉक भिंत सॉफ्टवेअरवर डिझाइन कशी करावी

ब्लॉकच्या रिटेनिंग वॉलचं (मागची माती रोखून धरणाऱ्या भिंतीचं) डिझाइन पंधरा मिनिटांत होतं असं व्हिडिओत दाखवतात, आणि ते खोटंही नाही. उंची टाका, माती निवडा, जिओग्रिड (भरावात पसरायची प्लास्टिकची मजबूत जाळी) निवडा, बटण दाबा, की सगळीकडे हिरव्या टिकल्या. सुरुवातीची काही वर्षं मीही हेच करायचो. पण ती पंधरा मिनिटं टायपिंगची असतात. डिझाइनला दोन-तीन दिवस लागतात आणि त्यातला निम्मा वेळ एकाच टॅबवर जातो: ग्लोबल स्टॅबिलिटी, म्हणजे भिंतीसकट संपूर्ण उताराचं स्थैर्य. त्या टॅबवर मी एकदा चांगलाच आपटलोय, म्हणून या लेखातही त्यालाच जास्त जागा दिली आहे.

उदाहरण म्हणून माझ्याकडे वारंवार येणारं काम घेऊ. मुळशीच्या पलीकडे, ताम्हिणीच्या बाजूला उतारावरचा बंगल्याचा प्लॉट, ५ मीटर उंचीची भिंत, मागे मुरमाचा भराव, वर गाड्या लावायची जागा. सिमेंट न लावता रचलेले काँक्रीट ब्लॉक आणि दर दोन-तीन थरांनी मागे भरावात पसरलेलं जिओग्रिड. यातली खरी भिंत म्हणजे ग्रिडनं बांधलेला मातीचा गठ्ठा. ब्लॉक हे नुसतं सालपट. हे डोक्यात पक्कं नसेल तर सॉफ्टवेअर उघडू नका.

कुठलं सॉफ्टवेअर, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारतात आणि तोच सगळ्यात कमी महत्त्वाचा आहे. जिओ-५ चालेल, एमएसईडब्ल्यू चालेल, ब्लॉक कंपन्यांची फुकटची सॉफ्टवेअरंही छोट्या भिंतीला चालतात. महत्त्वाची आहे ती आधी निवडायची पद्धत. रस्त्याचं काम असेल तर आयआरसीचं (इंडियन रोड्स काँग्रेसचं) एसपी-१०२. खासगी प्लॉट असेल तर मी एनसीएमए या अमेरिकन संघटनेची (२०२२ पासून ती सीएमएचएचा भाग आहे) पद्धत धरतो. तिथले किमान सुरक्षा गुणांक, म्हणजे विरोध भागिले जोर, असे: सरकण्याला १.५, उलटण्याला २, संपूर्ण उताराला किमान १.३. ब्रिटिश बीएस-८००६ मध्ये गुणक आधीच भारांवर आणि मातीवर लागलेले असतात. तिथलं उत्तर १ च्या वर आलं की झालं. दोन पद्धतींचे आकडे एकाच तक्त्यात मांडणारे अहवाल मी पाहिले आहेत. तसं करू नका.

भूमिती सोपी आहे, फक्त एक गोष्ट. उंची जमिनीपासून मोजायची नाही, लेव्हलिंग पॅडच्या (सगळ्यात खालच्या ब्लॉकखालच्या सपाट थराच्या) माथ्यापासून मोजायची. भिंतीसमोर सपाटी असेल तर उंचीचा विसावा भाग जमिनीत, दोनास एक उतार (दोन मीटर आडवं गेलं की एक मीटर खाली) असेल तर सातवा भाग, आणि उतारावर भिंतीपुढे किमान १.२ मीटरची सपाट पायरी. ब्लॉकची मापं आणि ब्लॉक-ग्रिड जोडणीची ताकद तुम्ही खरोखर वापरणार त्याच ब्लॉकच्या चाचणी अहवालातून घ्या. यादीत दिसला म्हणून दुसऱ्याच कंपनीचा ब्लॉक निवडू नका.

आता माती. सॉफ्टवेअर तीन माती विचारतं: ग्रिडमधला भराव, त्याच्या मागची मूळ जमीन, आणि पायाखालची. बहुतेक जण पहिल्या खान्यात ३२ अंश घर्षणकोन (मातीचे कण एकमेकांवर घसरायला किती विरोध करतात त्याचं माप) टाकतात आणि तोच पुढच्या दोन खान्यांत चिकटवतात. मुरूम आणून, थर देऊन, रोलर फिरवून तुम्ही भराव केला. मागचा डोंगर कोणी रोलरनं दाबला होता? हातानं हिशेब करून बघा. ५ मीटर भिंत, घनता घनमीटरला १९ किलोन्यूटन, वर १० किलोपास्कल भार, ग्रिडची लांबी ३.५ मीटर. तिन्हीकडे ३२ अंश धरले तर मीटरमागे जोर साधारण ८८ किलोन्यूटन येतो आणि सरकण्याचा गुणांक २.३५. मागची आणि खालची माती २६ अंशांची निघाली तर जोर ११२ आणि गुणांक १.४४. म्हणजे भिंत नापास. फरक फक्त सहा अंशांचा.

दुसरी सवय कोहेजनची, म्हणजे मातीच्या चिकटपणाची. मागच्या मातीला नुसतं १० किलोपास्कल कोहेजन टाकलं की त्याच ११२ चे निम्मे उरतात. प्रयोगशाळेतल्या कोरड्या नमुन्याचं ते कोहेजन ताम्हिणीच्या जुलैत शिल्लक राहील असं वाटत असेल तर टाका. मी शून्य धरतो आणि डायरेक्ट शिअर चाचणी भिजवलेल्या नमुन्यावर करून घेतो. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?

ग्रिडची ताकद भरताना पाकिटावरचा आकडा भरू नका. ८० किलोन्यूटनचं पॉलिएस्टर ग्रिड असेल तर क्रीपसाठी (सततच्या ताणाखाली ग्रिड हळूहळू ताणत जातं त्यासाठी) १.६, टिकाऊपणासाठी १.१, बसवताना होणाऱ्या इजेसाठी १.२ असे भागाकार करून हातात ३८ च्या आसपास राहतात. तेही पुन्हा दीडनं भागायचे. थरांमधलं अंतर ब्लॉकच्या उंचीच्या पटीत, फार तर ६०० मिलिमीटर. लांबी उंचीच्या ०.७ पट धरून सुरुवात करा. भूकंपाचा टॅब बंद ठेवू नका. १९६७ चा कोयनेचा धक्का याच डोंगररांगेतला आहे.

इथवर केलं की सरकणं, उलटणं, ग्रिड तुटणं, ग्रिड निसटून येणं, सगळं हिरवं होतं. नवशिका इथेच प्रिंट काढतो. मीही काढली होती.

ग्लोबल स्टॅबिलिटी: खरं काम इथे

आतापर्यंतच्या सगळ्या तपासण्यांचा प्रश्न एकच होता: हा गठ्ठा डोंगरावर टिकेल का? ग्लोबल तपासणीचा प्रश्न वेगळा आहे: गठ्ठ्यासकट डोंगर खाली जाईल का? सॉफ्टवेअर शेकडो काल्पनिक वर्तुळं काढतं, प्रत्येक वर्तुळावर माती घसरली तर किती विरोध होईल ते मोजतं आणि सगळ्यात कमी गुणांक देणारं वर्तुळ दाखवतं. पण ते वर्तुळं शोधतं कुठे? तुम्ही आखून दिलेल्या चौकटीत. चौकटीबाहेरचा डोंगर त्याच्या लेखी नाहीच.

माझी चूक अशी. प्लॉटचा सर्व्हे हद्दीपर्यंत झाला होता आणि भिंत हद्दीपासून चार मीटर आत होती. मी कॉम्प्युटरवर हद्दीपलीकडे सपाट रेघ ओढली, कारण सर्व्हेच्या कागदावर पुढे काहीच नव्हतं. गुणांक आला १.५२. मी खूश. तपासणारे ज्येष्ठ इंजिनिअर साइटवर गेले, हद्दीच्या तारेपाशी उभे राहिले आणि मला फोन करून एवढंच म्हणाले, "अरे, तारेच्या पलीकडे जमीनच नाहीये." तारेपासून उतार सुरू होत होता, दोनास एकच्या जवळपास, खाली ओढ्यापर्यंत. टोटल स्टेशन (सर्व्हेचं यंत्र) पुन्हा लावलं, ओढ्यापर्यंतचा छेद घेतला, तो सॉफ्टवेअरमध्ये भरला. १.१२.

मग मी दुसरी चूक केली. ८० चं ग्रिड काढून १२० चं टाकलं. गुणांक एक शतांशही हलला नाही. अर्धा तास मला वाटत होतं की सॉफ्टवेअर अडकलंय. शेवटी घातक वर्तुळ मोठं करून पाहिलं तेव्हा दिसलं, ते सगळ्या ग्रिडच्या मागून आणि खालून जात होतं. एकाही थराला शिवत नव्हतं. जी गोष्ट ग्रिडला लागतच नाही तिला जाड ग्रिडनं काय होणार? खालचे थर ३.५ वरून ५.५ मीटर केले, भिंत दोन मीटर मागे घेतली, मागच्या बाजूला चर काढून पाणी वळवलं, तेव्हा कुठे १.३६ आला. मालकाची दोन मीटर बाग गेली. त्यांनी कुरकुर केली, मी ऐकून घेतली.

तेव्हापासून या टॅबवर मी काही गोष्टी हट्टानं करतो.

छेद भिंतीपासून पुढे किमान उंचीच्या तिप्पट आणि मागेही तेवढाच, किंवा उताराचा पाय दिसेपर्यंत, यातलं जे जास्त असेल तितका. शेजाऱ्याची जमीन असेल तर शेजाऱ्याला विचारून सर्व्हे करायचा. मॉडेलचा तळ पायाखाली किमान दहा मीटर न्या, किंवा पक्का खडक लागेपर्यंत. तळ दोन मीटरवर ठेवलात तर वर्तुळं तळाला घासून परत येतील आणि उत्तर छान दिसेल.

घातक वर्तुळाचा मध्य चौकटीच्या कडेला किंवा कोपऱ्यात आला असेल तर ते उत्तर नाहीच. खरं किमान चौकटीच्या बाहेर आहे. चौकट वाढवा, पुन्हा चालवा, मध्य चौकटीच्या पोटात येईपर्यंत वाढवत राहा. मागवलेल्या अहवालांत हे चित्र मी सगळ्यात आधी बघतो. आकडा नंतर.

नुसत्या मोठ्या वर्तुळांवर थांबू नका. काही वर्तुळं वरच्या ग्रिडच्या मागून शिरतात, मधले दोन-तीन थर कापतात आणि भिंतीच्या तोंडातून किंवा पायातून बाहेर पडतात. याला कंपाउंड म्हणतात. काही सॉफ्टवेअरमध्ये तो वेगळा टॅब असतो आणि आपसूक चालत नाही. वर गाड्यांचा भार असेल आणि खाली उतार असेल तर अनेकदा हीच वर्तुळं मारतात. खालच्या उताराच्या नुसत्या कातडीवरची उथळ वर्तुळं ०.९५ दाखवतील. ती फिल्टर लावून लपवण्याआधी एकदा नीट बघा. त्या कातडीवर तुमचा लेव्हलिंग पॅड बसला नाहीये ना?

सह्याद्रीतली खास अडचण अशी की घसरण नेहमी वर्तुळात होत नाही. वर मुरूम, खाली बेसाल्ट, आणि मधला सांधा उताराच्या दिशेनं कललेला. पाऊस मुरमातून झिरपतो, खडकाला टेकतो आणि त्या सांध्यावरून वाहतो. वर्तुळ त्या सरळ सांध्याला एखाद्याच ठिकाणी स्पर्श करून निघून जातं. माती मात्र सांध्याच्या पूर्ण लांबीवर घसरते. म्हणून बिशप पद्धतीनं वर्तुळं झाली की सांध्यावरून जाणारी सरळ तुकड्यांची रेघ हातानं काढा आणि स्पेन्सर पद्धतीनं चालवा. सांध्याची खोली कळायला दोन-तीन ट्रायल पिट (तपासणीचे खड्डे) हवेत. त्यांचा खर्च वाचवणाऱ्यांना मी डिझाइन देत नाही.

पाण्याची रेषा मॉडेलमध्ये काढल्याशिवाय हा टॅब बंद करायचा नाही. मी ती आधी खडकाच्या सांध्यावर धरतो, मग एक मीटर वर सरकवून पुन्हा चालवतो. दुसऱ्या वेळी गुणांक धाडकन पडला तर भिंतीचा जीव ड्रेनेजवर आहे हे समजायचं, आणि मग ड्रेनेज हा नकाशातला शेवटचा तपशील राहत नाही. ५ मीटर उंच पाणी भिंतीमागे साचलं तर एकट्या पाण्याचा जोर मीटरमागे १२२ किलोन्यूटन भरतो. वर मोजलेल्या सगळ्या मातीच्या आणि गाड्यांच्या जोरापेक्षा जास्त. ब्लॉकच्या मागे किमान ३०० मिलिमीटर खडी, तिच्यामागे जिओटेक्स्टाइल (माती अडवून पाणी सोडणारं कापड), तळाला भोकाचा पाइप, आणि त्या पाइपला बाहेर पडायला खरोखर वाट. पाइप काढलाय आणि त्याचं तोंड मातीत संपतंय असे नकाशे माझ्याकडे तपासायला आले आहेत.

ग्लोबल नापास झालं तर उपाय या क्रमानं: पाणी काढा, भिंत मागे घ्या किंवा दोन टप्प्यांत करा, खालचे ग्रिड लांबवा, पाया खोल न्या. जाड ग्रिड अगदी शेवटी, तेही घातक वर्तुळ ग्रिड कापत असेल तरच. दोन टप्पे केलेत तर ते दोन वेगळ्या भिंती म्हणून सोडवून फाइल मिटू नका. वरची भिंत खालचीवर भार टाकते. दोन्ही एकाच मॉडेलमध्ये घालून ग्लोबल पुन्हा चालवा.

उरलं ते सोपं आहे. अहवाल छापताना भरलेल्या मातीचे आकडे पहिल्या पानावर आणा आणि घातक वर्तुळाचं चित्र चौकटीसकट जोडा. नकाशावर गृहीत धरलेला घर्षणकोन लिहा, आणि खोदताना वेगळी माती लागली तर काम थांबवून कळवायचं, हेही लिहा. कंत्राटदार वाचणार नाही, पण साइटवरचा सुपरवायझर वाचतो.

आणि नकाशात जिओग्रिडच्या ताकदीच्या दिशेला मोठा बाण काढा, भिंतीला काटकोनात. पॉलिएस्टर ग्रिडची ताकद बहुधा रोलच्या लांबीच्या दिशेनं असते. म्हणजे रोल भिंतीपासून मागे डोंगराकडे उलगडायचा, ५.५ मीटरवर कापायचा, पुन्हा शेजारी तेच. कंटाळवाणं काम आहे. साइटवर पोरं रोल भिंतीच्या कडेकडेनं एका दमात उलगडून मोकळी होतात. दिसायला अगदी सारखंच दिसतं. एकदा मी जेवून परत येईपर्यंत दोन थर असे अंथरून वर मुरूमही टाकून झाला होता. सगळा मुरूम उपसायला लावला, तेव्हापासून पहिल्या थराला मी स्वतः उभा असतो.