स्पोअरवर जंतुनाशकाची चाचणी घेताना या चुका टाळा

औषध कारखाना लोटे-परशुरामचा असो की महाडचा, पावसात क्लीनरूमच्या (जंतू आणि धूळ नियंत्रित खोलीच्या) तपासणी-प्लेटवर बॅसिलस, म्हणजे स्पोअर (टणक, सुप्त बीजाणू) बनवणारा जिवाणू, दिसू लागला आणि फाइलमध्ये मात्र जंतुनाशक ‘पास’ असेल, तर आधी तो अहवाल तपासा.

पहिला संशय न्यूट्रलायझरवर, म्हणजे जंतुनाशकाचा परिणाम थांबवणाऱ्या रसायनावर घ्या. कॉन्टॅक्ट टाइम (जंतुनाशक लावून ठेवायची वेळ) संपला म्हणून जंतुनाशक थांबत नाही. ते प्लेटवरही वाढ दाबून धरतं आणि शून्य वसाहती बघून आपण स्पोअर मेले असं समजतो. क्लोरीनला सोडियम थायोसल्फेट, क्वाटला (क्वाटर्नरी अमोनियम संयुगांना) लेसिथिन आणि पॉलिसॉर्बेट ८०, पेरॉक्साइडला कॅटालेज लागतं. न्यूट्रलायझर आणि जंतुनाशकाच्या मिश्रणात शंभराच्या आत स्पोअर सोडा. ते उगवले, तरच पुढचा आकडा खरा.

हिशेबातली चूक तर सर्रास होते. कूपनवर (पृष्ठभागाच्या छोट्या नमुना-तुकड्यावर) १० लाख स्पोअर टाकले, पण जंतुनाशक न लावलेल्या, तसंच वाळवलेल्या कूपनवरून २ लाखच परत मिळाले. जंतुनाशकानंतर १० हजार उरले. १० लाखांपासून मोजलं तर घट २ लॉग (शंभरपट), म्हणजे यूएसपी १०७२ या अमेरिकी औषधसंहितेच्या जंतुनाशकांवरच्या प्रकरणामधली स्पोअरसाठीची अपेक्षा पूर्ण. पण मोजायचं २ लाखांपासून, आणि ती घट भरते जेमतेम १.३ लॉग. हा पास नव्हे.

स्पोअरचं सस्पेन्शन (द्रवातलं मिश्रण) ८० अंश सेल्सिअसवर १० मिनिटं तापवून घ्या, नाहीतर सहज मरणाऱ्या साध्या पेशी निकाल फुगवतात. एटीसीसी ६६३३ या प्रमाणित बॅसिलस वाणासोबत पावसाळ्यात स्वतःच्या प्लांटमध्ये सापडलेला आयसोलेटही (वेगळा काढलेला जंतूही) घ्या. माझ्या मते हे टाळणं अक्षम्य आहे. लढाई त्याच्याशीच आहे. नुसत्या स्टीलवर भागवू नका, व्हिनाइल, इपॉक्सी आणि पीव्हीसी पडद्याचे कूपनही हवेत. ७० टक्के आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) किंवा क्वाटकडून स्पोअर मरण्याची अपेक्षाच धरू नका.

कूपनवर थेंब साचून राहतो, मॉपमागे मात्र पातळ थर उरतो. दावा १० मिनिटांचा आणि फरशी चौथ्या मिनिटाला कोरडी, तर चाचणीचा उपयोग काय? घड्याळ लावून बघा. हायपोक्लोराइट उन्हात तापलेल्या गोदामात ठेवलं असेल तर क्लोरीन घटतं, म्हणून मुदतीच्या शेवटच्या दिवशीचं द्रावणही तपासा.

एवढं करूनही प्लेटवर काउंट (वसाहतींची संख्या) येतच राहिला, तर मटेरियल एअरलॉक (माल आत घेण्याची दोन दारांची खोली) बघा. ओलसर पुठ्ठ्याची खोकी आत जात असतील, तर ती बाहेरच उघडून माल पुसून आत घ्या.