घरातल्या नेटवर्कवर संगीत अडखळत असेल तर : मोठ्या संग्रहासाठी टप्प्याटप्प्याने तपासणी

हजारो अल्बम एनएएसवर (नेटवर्कला जोडलेल्या साठवण-पेटीवर) किंवा एखाद्या जुन्या संगणकावर साठवलेले असतात, प्लेअर दुसऱ्या खोलीत असतो, आणि गाणे मध्येच दोन-तीन सेकंद गप्प होते. अशा वेळी पहिला संशय इंटरनेटच्या वेगावर जातो. परंतु घरातल्या सर्व्हरकडून घरातल्याच प्लेअरकडे जाणारे संगीत इंटरनेटच्या जोडणीतून जातच नाही, त्यामुळे अधिक वेगाची योजना घेऊन हा दोष सहसा दूर होत नाही. राउटर बदलणे हा दुसरा लोकप्रिय उपाय. तो कधीकधी लागू पडतो, पण नेमके काय बिघडले होते हे न कळल्यामुळे संग्रह आणखी वाढला की तक्रार परत येते.

आधी संगीताची गरज किती आहे ते पाहू. सीडीच्या दर्जाचे, म्हणजे १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झचे असंपीडित स्टिरिओ संगीत सेकंदाला सुमारे १.४ मेगाबिट मागते आणि फ्लॅकमध्ये (दर्जा न गमावता संपीडन करणाऱ्या स्वरूपात) ते त्याहूनही कमी होते. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झच्या असंपीडित फाइलला सुमारे ९.२ मेगाबिट पुरतात, तर डीएसडी या एक-बिट ध्वनिस्वरूपाच्या मूळ (सीडीच्या ६४ पट नमुना-वेगाच्या) प्रकाराला सुमारे ५.६. शंभर मेगाबिटची सर्वांत साधी तारही यापुढे भरपूर मोठी आहे. म्हणून येथे सरासरी वेगाला फारसे महत्त्व नाही. माहिती खंड न पडता पोहोचते की नाही, हे महत्त्वाचे. प्लेअरच्या बफरमध्ये (पुढचे संगीत आधीच भरून ठेवण्याच्या स्मृतीत) दोन मेगाबाइटची जागा असेल, तर त्यात सीडीच्या दर्जाचे असंपीडित संगीत सुमारे अकरा सेकंद मावते, पण २४ बिट, १९२ किलोहर्ट्झचे दोन सेकंदही मावत नाही. सर्व्हर तीन सेकंद गप्प बसला, तर पहिल्या प्रकारात श्रोत्याला काही कळणार नाही आणि दुसऱ्यात गाणे तुटेल. ‘फक्त हाय-रेझोल्यूशन फाइलीच अडखळतात’ या तक्रारीचे कारण बहुधा हेच असते.

पहिली पायरी : लक्षण नीट टिपून ठेवणे

कोणतीही सेटिंग बदलण्यापूर्वी काही दिवस गाणे कधी तुटते याची वेळेसह नोंद ठेवावी. कोणत्या खोलीत, कोणत्या फाइलीत, गाण्याच्या सुरुवातीला की मध्ये, आणि त्या वेळी सर्व्हरवर आणखी काय चालू होते, एवढे लिहिले तरी पुरे. एकच गाणे दर वेळी त्याच ठिकाणी तुटत असेल, तर नेटवर्क जवळजवळ निर्दोष समजावे आणि फाइल किंवा डिस्क तपासावी. बराच वेळ शांत असलेल्या सर्व्हरवरचे पहिलेच गाणे उशिरा सुरू होत असेल, तर डिस्क झोपी जात आहे. सगळ्या खोल्यांतले संगीत एकाच क्षणी थांबत असेल, तर दोष सर्व्हरकडे असू शकतो किंवा एकत्र जोडलेल्या प्लेअरांपैकी सर्वांत दुबळा प्लेअर बाकीच्यांना थांबवत असतो. त्या प्लेअरला गटातून बाहेर काढून पाहिले की या दोहोंतला फरक लगेच कळतो. दररोज ठरावीक वेळीच त्रास होत असेल, तर सर्व्हरवर वेळापत्रकाने चालणारी कामे आधी पाहावीत आणि शेजारच्या वाय-फायवर आळ नंतर घ्यावा.

दुसरी पायरी : साखळीचे दोन भाग करणे

डिस्क, सर्व्हरचे सॉफ्टवेअर, स्विच किंवा राउटर, वाय-फाय आणि प्लेअर अशी ही साखळी आहे. ती मधोमध तोडून पाहावी. ज्या फाइली हमखास अडखळतात, त्यांचीच एक चाचणी-यादी करावी आणि ती तारेने जोडलेल्या एखाद्या संगणकावर, त्याच सर्व्हरकडून वाजवावी. तेथे सर्व सुरळीत असेल, तर दोष वाय-फायमध्ये किंवा मूळ प्लेअरमध्ये आहे. तेथेही गाणे तुटत असेल, तर वाय-फायच्या मागे वेळ घालवू नये.

संग्रह मोठा असेल, तर आणखी एक चाचणी करावी, आणि माझ्या मते ती सर्वांत बोलकी आहे. सर्व्हरच्या सॉफ्टवेअरला तात्पुरता एकच लहानसा फोल्डर दाखवावा, ज्यात काही शे गाणी असतील, आणि मूळ संग्रह काही काळ वगळावा. त्याआधी डेटाबेसची प्रत मात्र जरूर काढून ठेवावी. तारा त्याच, प्लेअर तोच, डिस्क तीच, आणि तरीही संगीत अखंड चालू लागले, तर ओझे नेटवर्कवर नसून संग्रहाच्या व्यवस्थापनावर आहे हे सिद्ध होते. तसे झाल्यास पुढच्या दोन पायऱ्या सोडून थेट पाचवीकडे जावे.

तिसरी पायरी : तारा आणि स्विच

हे काम थोडक्यात आटोपते. राउटर किंवा स्विचच्या पानावर प्रत्येक जोडणीचा वेग दिसतो. गिगाबिट जोडणीला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, तर शंभर मेगाबिटला दोनच पुरतात. त्यामुळे गिगाबिट असायला हवी ती जोडणी शंभरवर उतरलेली दिसली, तर केबलची एखादी जोडी किंवा तिचे टोक खराब आहे असे समजावे. संगीताला शंभरही पुरेत, पण खराब टोक तेवढ्यावरच थांबत नाही, ते पॅकेटही (माहितीचे तुकडेही) गहाळ करते. स्विचवर चुकीच्या पॅकेटांची मोजणी दिसत असेल, तर ती गाणे वाजत असताना वाढते का ते पाहावे आणि वाढत असल्यास केबल बदलावी. विजेच्या तारांतून नेटवर्क नेणारे अडॅप्टर वापरात असतील, तर चाचणीपुरते ते काढून टाकावेत, कारण त्याच वायरिंगवरची इतर उपकरणे सुरू होताच त्यांचा वेग अचानक घसरू शकतो.

चौथी पायरी : वाय-फाय

गाणे वाजत असताना संगणकावरून आधी राउटरला, मग सर्व्हरला आणि शेवटी प्लेअरला काही मिनिटे सलग पिंग करावे, म्हणजे लहान संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजावे. तारेवर एकही पॅकेट गहाळ होता कामा नये. वाय-फायवर काही मिलिसेकंदांचे चढउतार स्वाभाविक आहेत, परंतु मधूनमधून शेकडो मिलिसेकंदांची उडी दिसत असेल किंवा उत्तरच येत नसेल, आणि त्याच क्षणी गाणेही तुटत असेल, तर दोष सापडला. काही प्लेअर विजेच्या बचतीसाठी वाय-फाय अधूनमधून निद्रावस्थेत ठेवतात, त्यामुळे केवळ अनियमित पिंगवरून निष्कर्ष काढू नये. गाणे तुटण्याशी त्याची वेळ जुळली पाहिजे.

प्लेअरच्या माहितीपानावर सिग्नलची ताकद दिलेली असेल, तर ती साधारण उणे ६५ डीबीएमच्या आसपास किंवा त्याहून चांगली (म्हणजे शून्याच्या अधिक जवळची) असावी. उणे ७५च्या पलीकडे अखंड संगीताची अपेक्षा धरू नये. २.४ गिगाहर्ट्झवर वीस मेगाहर्ट्झच्या रुंदीत एकमेकांवर न चढणारे नेहमीचे चॅनल १, ६ आणि ११ हे तीनच आहेत, आणि ब्लूटूथ व मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात वावरतात. यूएसबी ३च्या जोडणीतून निघणारा गोंगाटही नेमका याच पट्ट्यात पडतो. म्हणून बाहेरची हार्ड डिस्क राउटरच्या अँटेनाला खेटून ठेवू नये. संगीतसंग्रह अशाच डिस्कवर असेल, तर प्रत्येक गाण्याबरोबर वाय-फाय बिघडते आणि खरे कारण कोणाच्या लक्षातच येत नाही.

शक्य तेथे प्लेअर ५ गिगाहर्ट्झवर न्यावा, मात्र चॅनल डोळसपणे निवडावा. ५२ ते १४४ या चॅनलांपैकी बहुतेकांवर अनेक देशांत रडारला अग्रक्रम आहे. राउटरला रडारची चाहूल लागली की त्याला तो चॅनल सोडावा लागतो, आणि तशाच दुसऱ्या चॅनलवर जायचे असेल तर आधी किमान एक मिनिट कानोसा घ्यावा लागतो. दिवसाकाठी एखाद्या वेळीच, पण मिनिटभर संगीत थांबत असेल, तर राउटरच्या नोंदवहीत ही घटना शोधावी आणि चॅनल ३६ ते ४८ यांपैकी एक नेमून द्यावा. मेश प्रणालीत (अनेक वाय-फाय केंद्रे मिळून घर व्यापणाऱ्या रचनेत) मधले केंद्र मुख्य केंद्राशी बिनतारीच जोडलेले असेल, तर प्रत्येक पॅकेट हवेतून दोनदा जाते. शक्य असल्यास त्या दोन केंद्रांमध्ये तार टाकावी.

पाचवी पायरी : डिस्क आणि डेटाबेस

मोठ्या संग्रहांच्या तक्रारींचे मूळ अनेकदा येथे निघते. फिरत्या डिस्कला सलग फाइल वाचणे सोपे जाते, पण विखुरलेल्या जागांवरून लहान-लहान तुकडे वाचायचे झाले तर ती सेकंदाला साधारण शंभराच्या आसपासच तुकडे वाचू शकते. संग्रहाची फेरतपासणी सुरू झाली, की सर्व्हर प्रत्येक फाइल उघडतो, तिचे टॅग (गाणे, कलाकार, अल्बम यांची माहिती) वाचतो, मुखपृष्ठाचे चित्र काढतो आणि डेटाबेसमध्ये नोंद करतो. लाखभर फाइलींच्या या धावपळीत वाजत असलेल्या गाण्याची मागणी रांगेत मागे पडते, आणि बफर लहान असेल तर गाणे तुटते. आवाजाची पातळी मोजणारे विश्लेषण चालू असेल तर भार आणखी वाढतो, कारण त्यासाठी फाइल पूर्ण वाचावी लागते.

म्हणून फेरतपासणी, बॅकअप, रेड रचनेची (अनेक डिस्क एकत्र जोडण्याच्या रचनेची) पडताळणी आणि एनएएसचे स्वतःचे फोटो-अनुक्रमण (फोटोंची सूची करणे) ही सगळी कामे कोणी गाणी ऐकत नसेल अशा वेळी लावावीत. संगीताच्या फोल्डरचे अनुक्रमण दोन वेगवेगळी सॉफ्टवेअरे करत असतील, तर त्यातले एक बंद करावे. डेटाबेस मात्र एसएसडीवर (फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर) हलवावा. संगीताच्या फाइली फिरत्या डिस्कवर राहिल्या तरी चालतात. या एका बदलाने शोध, याद्या आणि पुढचे गाणे उघडण्याचा वेळ यांत जो फरक पडतो, तो महागड्या राउटरने पडत नाही. सर्व्हरची मेमरी पाहणेही अगत्याचे आहे : ती भरून तिच्यातील माहितीची डिस्कशी अदलाबदल सुरू झाली असेल, तर इतर सर्व सुधारणा व्यर्थ जातात.

नवे अल्बम आपोआप दिसत नाहीत म्हणून अनेक जण दर तासाला पूर्ण फेरतपासणी लावतात, आणि अडखळण्याचे कारण तेच होऊन बसते. लिनक्सवर फोल्डरांवर नजर ठेवण्याच्या सोयीला संख्येची मर्यादा असते. जुन्या आवृत्त्यांत ती मुळात ८१९२ होती, आणि प्रत्येक फोल्डरला त्यातली एक जागा लागते. मोठा संग्रह ही मर्यादा सहज ओलांडतो. मर्यादा वाढवावी आणि तासातासाची तपासणी काढून टाकावी.

डिस्कची निद्रा बंद करावी किंवा तिचा अवधी वाढवावा, कारण थांबलेली डिस्क पुन्हा गती घ्यायला काही सेकंद लावते. डिस्क स्वतःच्या प्रकृतीविषयी देते त्या स्मार्ट अहवालात बदललेल्या किंवा प्रलंबित सेक्टरांची (डिस्कवरील साठवणीच्या लहान भागांची) संख्या शून्याहून अधिक आणि वाढती असेल, तर आधी बॅकअप घ्यावा, संगीताचा प्रश्न नंतर. सीआरसी चुका (माहिती पाठवताना झालेल्या चुका) वाढत असतील, तर डिस्कपेक्षा तिच्या जोडणीच्या केबलवर संशय घ्यावा.

सहावी पायरी : फाइली

फ्लॅक फाइलीत मूळ ध्वनीची एमडी५ खूण (ध्वनीवरून काढलेला पडताळणीचा संकेतांक) साठवलेली असते, आणि फ्लॅकच्या अधिकृत साधनातील चाचणीचा पर्याय संपूर्ण फाइल उलगडून ती खूण जुळते का ते सांगतो. संपूर्ण संग्रहाची अशी चाचणी रात्रभर चालू ठेवता येते. प्रत्येक गाण्यात दहा-दहा मेगाबाइटचे मुखपृष्ठ भरलेले असेल, तर ते सुमारे १००० पिक्सेलच्या जेपेगवर आणावे; दुबळा प्लेअर दर गाण्याच्या आरंभी त्या चित्राशीच झगडत असतो. सर्व्हर फाइलीचे रूपांतर करून पाठवत असेल, तर प्रोसेसरचा भार पाहावा आणि प्लेअरला मूळ स्वरूप चालत असल्यास रूपांतर बंद करावे.

सातवी पायरी : प्लेअर यादीतून नाहीसा होत असेल तर

संगीत वाजत राहते, पण फोनवरच्या ॲपमधून प्लेअर चार-पाच मिनिटांनी गायब होतो, हा वेगळा दोष आहे. उपकरणे एकमेकांना मल्टिकास्टने (एकाच वेळी अनेकांना पाठवलेल्या संदेशाने) शोधतात, यूपीएनपी या उपकरणे शोधण्याच्या पद्धतीसाठी २३९.२५५.२५५.२५० हा पत्ता वापरला जातो. स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग (असे संदेश फक्त ते मागणाऱ्या सदस्य-उपकरणांकडेच पाठवण्याची सोय) चालू असेल आणि नेटवर्कवर सदस्यांची विचारणा करणारे कोणीच नसेल, तर नेहमीच्या सेटिंगनुसार सुमारे २६० सेकंदांनी स्विच सदस्यत्व संपले असे मानतो आणि ते संदेश पुढे पाठवणे थांबवतो. विचारणा करणारी सोय राउटरवर किंवा स्विचवर चालू करावी. ती नसेल तर स्नूपिंग बंद करावे. सर्व्हर आणि प्लेअर यांना राउटरवर कायमचे पत्ते राखून द्यावेत, आणि फोन पाहुण्यांच्या वाय-फायवर नाही ना, हेही पाहावे.

इंटरनेटचा संबंध एका परिस्थितीत मात्र खरोखर येतो : सॉफ्टवेअर स्वतःच्या संग्रहाबरोबर ऑनलाइन सेवेतली गाणी किंवा कलाकारांची माहितीही मिसळत असेल तेव्हा. हे तपासण्यासाठी राउटरमधून बाहेर जाणारी इंटरनेटची केबल काढून ठेवावी आणि चाचणी-यादीतली, सर्व्हरवर साठवलेली गाणी तासभर वाजवावीत. केबल जोडलेली असताना अडखळणारी तीच यादी या तासात अखंड वाजली, तर सॉफ्टवेअरमधील माहिती गोळा करण्याचे पर्याय एकेक करून बंद करावेत आणि प्रत्येक बदलानंतर तीच यादी पुन्हा वाजवावी.