घनमीटर कुठला, ते आधी विचारा

सीबीजी म्हणजे कॉम्प्रेस्ड बायोगॅसच्या प्लांटवर 'डेटा आणि कंप्लायन्स'ची पोस्ट मिळाली की घरच्यांना वाटतं, पोरगं आता एसीत बसणार. निम्मा दिवस वजनकाट्यावर आणि लॅबमध्ये जातो, उरलेला फ्लो मीटरच्या पाइपाखाली वाकून.

संधी मात्र खरी आहे. २०१८ साली सीबीजीसाठी केंद्राची 'सतत' योजना आली तेव्हा ५,००० प्रकल्पांची भाषा होती. तेवढे काही उभे राहिले नाहीत. पण शहर गॅस कंपन्यांना २०२५-२६ पासून १ टक्का सीबीजी मिसळणं बंधनकारक झालंय आणि २०२८-२९ पासून ते ५ टक्क्यांवर जायचंय. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात माणसं लागणारच.

एमपीसीबीचं (राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचं) कन्सेंट, कॅस्केडसाठी (गॅस भरायच्या सिलिंडरांच्या संचासाठी) स्फोटक सुरक्षा खात्याची म्हणजे पेसोची परवानगी, नोंदणीसाठी गोबरधन पोर्टल, खतासाठी एफसीओ (खत नियंत्रण आदेश) ही नावं तुम्ही ऐकलीच असतील. फॉर्म भरणं कुणालाही जमतं. आय.एस. १६०८७ या बायोगॅसच्या भारतीय मानकाचे आकडेही पाठ होतात: मिथेन किमान ९० टक्के, हायड्रोजन सल्फाइड घनमीटरला २० मिलिग्रॅमच्या आत. अडकायला होतं ते वेगळ्याच ठिकाणी. माझी झोप ज्यानं उडवली ते जरा सविस्तर सांगतो.

डायजेस्टरमधून (कचरा कुजवायच्या बंद टाकीतून) येणारा कच्चा बायोगॅस घनमीटरमध्ये मोजतात आणि विक्री होते किलोत. मधला पूल तुम्ही बांधायचा. समजा मीटरनं १,००० घनमीटर दाखवले, मिथेन ५५ टक्के. मिथेनची घनता घनमीटरला ०.७१७ किलो धरून गुणाकार केला की ३९४ किलो येतात. सुंदर. फक्त ही घनता शून्य अंश तापमानाच्या आणि एक अ‍ॅटमॉस्फिअर दाबाच्या कोरड्या गॅसची आहे. तुमचा गॅस ४० अंशाला, पाण्याच्या वाफेनं भरलेला. कोल्हापूरच्या उंचीवर हवेचा दाबच ९४५ मिलिबारच्या आसपास असतो. त्यात डायजेस्टरचे वीसेक मिलिबार मिळवा, वाफेचे ७४ वजा करा आणि उरेल त्याला एका अ‍ॅटमॉस्फिअरच्या १,०१३ नं भागा. मग तापमानाची दुरुस्ती करा, २७३ भागिले ३१३. हजाराचे उरतात सुमारे ७७० आणि मिथेन भरतं जेमतेम ३०० किलो. म्हणजे दर हजार घनमीटरमागे नव्वद किलो गॅस कागदावर आहे आणि कॅस्केडमध्ये नाही. ऑडिटला आलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो: गळती कुठे आहे? मग आठवडाभर सगळे साबणाचं पाणी घेऊन पाइपांचे जोड तपासत फिरतात.

उलटंही होतं. थर्मल मास मीटर बऱ्याचदा आकडा थेट 'नॉर्मल' म्हणजे शून्य अंश, एक अ‍ॅटमॉस्फिअरच्या घनमीटरमध्येच देतो. त्याला पुन्हा दुरुस्ती लावली की हिशेब दुसऱ्या बाजूला कलंडतो. शिवाय काही करारांत 'स्टँडर्ड' घनमीटर १५ अंशाचा धरतात, तिथे आणखी साडेपाच टक्क्यांचा फरक. म्हणून रुजू झाल्या झाल्या प्रत्येक मीटरची नेमप्लेट स्वतः वाचा आणि रजिस्टरच्या रकान्यात तापमान-दाब लिहा. नुसतं 'घनमीटर' लिहिलेला रकाना मी आता सहीच करत नाही.

हिशेब जुळेना की कुणीतरी हळूच सुचवतं, मिथेन टक्का-दोन टक्के खाली घे. घेऊ नका. मिथेन मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफच्या प्रिंटवर वेळ छापलेली असते. तुमची सही त्याच्या शेजारी राहते आणि सुचवणारा कधीच दुसऱ्या प्लांटवर गेलेला असतो.

प्रेसमडचंही, म्हणजे डायजेस्टरमध्ये जाणाऱ्या साखर कारखान्याच्या मळीच्या गाळाचंही, थोडं असंच आहे. गळीत हंगाम संपल्यावर उघड्यावर पडलेल्या ढिगातलं सेंद्रिय द्रव्य जळत जातं. काट्यावर टन दिसतात, गॅस येत नाही. दर लॉटचे व्होलाटाइल सॉलिड्स (त्यात उरलेलं सेंद्रिय द्रव्य) लॅबमध्ये काढा, एवढंच.

डॅशबोर्ड विकायला येणाऱ्या सल्लागारांबद्दल माझं मत चांगलं नाही. चुकीचा रकाना रंगीत करून दाखवायचे ते पैसे घेतात. त्यापेक्षा प्लांटवरचे इन्स्ट्रुमेंटवाले काका गाठा. ते शिव्या देतील, पण कुठल्या मीटरच्या पाइपात पाणी साचतं हे त्यांनाच ठाऊक असतं.

घाबरू नका, पहिल्या हंगामात कुणाचाच गॅसचा ताळेबंद जुळत नाही. दोन-तीन टक्क्यांची तफावत असेल तर निवांत जेवा. दहाच्या वर गेली की आधी युनिट तपासा, मग साबणाचं पाणी. आणि कॅलिब्रेशन सर्टिफिकेटच्या तारखा बंद हंगामातच पाहून ठेवा. गाळप सुरू झालं की मीटर काढून द्यायला कुणी तयार होत नाही.