रस्त्यावरच्या अनोळखी चेहऱ्यांचे फोटो काढताय? या चुका टाळा

गोव्यातल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात हमखास कुणीतरी खांबाआड उभं राहून मिरचीवालीवर लांबलचक लेन्स रोखलेली दिसते. पहिली चूक हीच. २०० मिमीने लांबून टिपलेल्या फोटोत चेहरा मोठा येतो, पण मागचा बाजार धूसर होऊन जातो, मध्येच कुणाची तरी पिशवी घुसते आणि त्या बाईला आपण चोरून बघत होतो हेही फोटोत दिसतं. ३५ किंवा ५० मिमीची लेन्स लावा आणि जवळ जा. मात्र ३५ने अगदी तोंडाशी गेलात तर नाक मोठं येतं. नुसता चेहरा हवा असेल तर ५० बरी.

विचारलं की सहजपणा जातो, ही समजूत मला साफ चुकीची वाटते. ‘बाय, फोटो काडूं?’ म्हटलं की ती पदर सावरते, ताठ बसते, कॅमेऱ्याकडे बघते. बहुतेक जण तो एक फोटो काढून निघून जातात. निघू नका. पावशेर मिरची घ्या, बाजूला उभे राहा, कॅमेरा मात्र समोर दिसू द्या. गिऱ्हाईक येतं, भावावरून घासाघीस सुरू होते, वाटा उचलताना तिचा हात हवेतच थांबतो आणि भुवया वर जातात. खरा फोटो तो. ‘नाका’ (नको) म्हणाली तर विषय संपला. आधीच काढला असेल तर तिच्यादेखत पुसून टाका.

गोव्यातली सगळ्यात त्रासदायक गोष्ट म्हणजे निळी ताडपत्री. तिच्याखाली चेहरा निळसर होतो आणि फटीतून ऊन आलं की अर्धा गाल निळा, अर्धा पिवळा. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाची दुरुस्ती, एका वेळी एकाच उजेडाला जुळवता येतो, त्यामुळे रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला कच्चा फोटो) असली तरी दुसरी बाजू सहसा बिघडलेलीच राहते. चेहरा पूर्ण सावलीत किंवा पूर्ण बाहेर येईपर्यंत थांबा. नाहीच जमलं तर तो फोटो कृष्णधवल करा. दुपारी बारा-एकच्या उन्हात तर डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. तेव्हा दुकानाच्या ओसरीत, उजेडाकडे तोंड करून बसलेली माणसं शोधा.

फोटो हलतोय? शटर, म्हणजे उजेड आत घेण्याचा वेळ, १/६० सेकंदावर राहिलं असेल. ऑटो आयएसओ ठेवून (म्हणजे उजेडाला किती संवेदनशील राहायचं ते कॅमेराच ठरवतो) शटर किमान १/२५० करा; सायकलवरच्या पोदेरासाठी, म्हणजे पाववाल्यासाठी, १/५००. गर्दीत फोकस भलत्याच चेहऱ्यावर जात असेल तर तो हातानेच ठेवा: फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ३५ मिमी, लेन्सचं छिद्र एफ/८, फोकसचं अंतर ३ मीटर. साधारण २ ते ७ मीटरमधलं सगळं स्पष्ट येतं. एसी गाडीतून उतरल्यावर लेन्सवर वाफ धरते. कॅमेरा थोडा वेळ बॅगेतच राहू द्या.

पणजीच्या मळा-फोंतेनमधली रंगीत घरं म्हणजे सेट नव्हे. तिथे लोक राहतात आणि फोटो नकोत असे फलक त्यांनी वैतागूनच लावलेत. किनाऱ्यावर ऊन खात पडलेल्यांचे, पोहणाऱ्यांचे फोटो न विचारता काढू नका. पर्यटन खात्याने जानेवारी २०२३मध्ये तशी सूचनाच काढली होती. मुलांचा फोटो हवा असेल तर आधी आईबापांना विचारा.

मोबाइलवर काढत असाल तर मागचं धूसर करणारा पोर्ट्रेट मोड बंद ठेवा. केसांतल्या अबोलीच्या वळेसराच्या (गजऱ्याच्या) कडा तो खाऊन टाकतो.