घरचा एफएम ट्रान्समीटर: जोडणी बरोबर, तरी रेडिओ गप्प? या चुका टाळा

परवा विश्रामबागेतल्या आमच्या शेजारचा दहावीतला मुलगा बोर्ड घेऊन आला. "काका, सगळं आकृतीप्रमाणे जोडलंय, पण रेडिओवर काहीच लागत नाही." एक ट्रान्झिस्टर, माइक, कॉइल (तारेचे वेढे), ट्रिमर (फिरवून फ्रिक्वेन्सी बदलायचा छोटा कपॅसिटर) आणि नऊ व्होल्टची बॅटरी, एवढंच एफएम ट्रान्समीटरचं, म्हणजे माइकवर बोललेलं जवळच्या रेडिओवर ऐकवणारं सर्किट. जोडणी खरंच बरोबर होती. कॉइल कशावर गुंडाळलीस विचारलं, तर म्हणाला, पेनच्या रिफिलवर. वेढे मोजून पाच, पण आकृतीत व्यास ६ मिलिमीटर आणि रिफिल ३ ची! हिशोब केला तर त्याचं सर्किट १५० मेगाहर्ट्झच्या आसपास जात होतं, आणि पोरगं दोन दिवस रेडिओच्या एफएम पट्ट्यात, ८८ ते १०८ मध्ये शोधत होतं. ६ मिलिमीटरच्या ड्रिल बिटवर, २२ गेजच्या तारेचे पाच वेढे पुन्हा घातले आणि रेडिओ बोलला.

यात कॉइलच सगळ्यात जास्त फसवते. इनॅमलची, म्हणजे वीजरोधक लेप असलेली तार उघड्या तांब्यासारखीच चमकते, म्हणून टोकं न खरवडता सोल्डर केली जातात. वरून टाका पक्का दिसतो, आत संपर्कच नसतो. ब्लेडनं टोक फिरवत फिरवत खरवडायचं, रंग बदललेला दिसला पाहिजे.

दुसरी मोठी चूक ब्रेडबोर्डची, म्हणजे सोल्डर न करता पार्ट नुसते खोचायच्या बोर्डची. आकाशवाणी सांगलीचं मीडियम वेव्ह केंद्र १२५१ किलोहर्ट्झचं. एफएमचे १०० मेगाहर्ट्झ म्हणजे त्याच्या ऐंशी पट. मीडियम वेव्हच्या सर्किटमध्ये दोन पिकोफॅरड (कपॅसिटन्सचं माप) इकडेतिकडे झाले तर कळतही नाही. इथे कॉइलचे ०.१ मायक्रोहेन्री आणि कपॅसिटरचे २५ पिकोफॅरड मिळून १०० मेगाहर्ट्झ होतात. त्यात दोन पिकोफॅरडची भर पडली की फ्रिक्वेन्सी थेट ९६ वर येते. ब्रेडबोर्डच्या शेजारच्या दोन पट्ट्यांत साधारण एवढं कपॅसिटन्स असतंच. म्हणून झिरो पीसीबी (सोल्डर करायचा भोकांचा बोर्ड) घ्या, पाय आखूड कापा, कॉइल आणि ट्रिमर ट्रान्झिस्टरला चिकटून बसवा. ट्रिमर लोखंडी स्क्रू ड्रायव्हरनं फिरवू नका. हात बाजूला घेतला की स्टेशन पळतं. प्लॅस्टिकच्या काडीचं टोक घासून चपटं करा, तेवढी पुरते.

पार्ट घेताना आकडे नीट वाचा. सिरॅमिक कपॅसिटरवर १०० छापलं असेल तर ते १० पिकोफॅरड, शंभर नव्हे. शंभरासाठी १०१ असतं. ट्रान्झिस्टरचे तीन पाय म्हणजे कलेक्टर, बेस आणि एमिटर; त्यातल्या कलेक्टर आणि एमिटरमध्ये ४.७ ते १० पिकोफॅरड लागतं. ट्रान्झिस्टर बदलला तर पायांचा क्रम पुन्हा बघा: बीसी ५४७ मध्ये मधला पाय बेस, बीएफ ४९४ मध्ये मधला एमिटर. माइकचा जो पाय धातूच्या डबीला जोडलेला असतो, तो निगेटिव्ह.

सर्किट मेलेलं वाटलं तर आधी एमिटरच्या रेझिस्टरवर मल्टिमीटर लावा. शून्य व्होल्ट असेल तर ट्रान्झिस्टर चालूच नाही, कॉइलला हात लावू नका. व्होल्टेज असेल तर रेडिओ हळू फिरवा, आणि आवाज शोधू नका, शांतता शोधा. जिथे खरखर एकदम थांबते तिथे तुमची लहर आहे. बोलणं ऐकू येत नसेल तर दोष माइकच्या बाजूला.

ही शांतता दोन-तीन जागी मिळाली तर पहिली सापडलेली जागाच खरी समजू नका. रेडिओ अगदी शेजारी असला की त्याला तुमची लहर २१.४ मेगाहर्ट्झ अंतरावर खोटी दिसते, कारण रेडिओची आतली फ्रिक्वेन्सी १०.७ आणि खोटी जागा तिच्या दुप्पट अंतरावर. रेडिओवर ९० ला ऐकू येतंय आणि प्रत्यक्षात तुम्ही १११.४ वर आहात, असं होऊ शकतं. १०८ च्या वर विमानांचे दिशादर्शक संकेत सुरू होतात, तिथे जाणं अजिबात चालणार नाही. पाच-सहा मीटर लांब जाऊन पुन्हा ट्यून करा, जी जागा जोरकस राहील ती खरी.

याच कारणानं अँटेना म्हणून लांब तार लावायचा मोह आवरा. आपल्याकडे प्रक्षेपणाला परवाना लागतो. प्रयोग खोलीतल्या खोलीत, अँटेनाशिवाय, रिकामी जागा बघून करा आणि झाला की बॅटरी काढून ठेवा. मोबाइल चार्जर लावाल तर सगळ्या आवाजावर गुणगुण बसेल, त्यापेक्षा नवी बॅटरी बरी.