दुकानातल्या कंप्युटरची सेटिंग घरच्या लॅपटॉपवर कशी आणायची

सेतू केंद्र, झेरॉक्सवाले बरेच जण विचारून रायले का बावा दुकानात डेस्कटॉप, घरी लॅपटॉप, खिशात मोबाईल, अन् तिन्हीकडे बुकमार्क वेगळे, याचं काय करायचं. सोपं हाय, फक्त क्रम चुकवू नका.

आधी एकच मशीन साफ करा. सातबारा, पीक विमा, महाडीबीटी, रोज लागते तेवढंच ठेवा, बाकी कचरा काढा, कारण सिंक (एका मशीनवरची माहिती दुसऱ्यावर आपोआप नेणं) चालू केलं का क्रोम दोन्हीकडचे बुकमार्क एकमेकांत मिसळवते, मंग एकाच साईटचे तीन-तीन घेऊन बसा.

आता क्रोमच्या सेटिंगमधी जाऊन गूगल अकाऊंटनं साईन इन करा अन् सिंक चालू करा. पण सगळंच सिंक नका करू, काय काय न्यायचं ते निवडता येते. बुकमार्क, एक्स्टेंशन (क्रोमले जोडलेले छोटे जास्तीचे प्रोग्राम), सेटिंग घ्या. पासवर्ड अन् कार्डाची माहिती दुकानाच्या मशीनवर बिलकुल नाही, तुम्ही जेवायले गेले का त्या खुर्चीवर कोण बसते सांगता येते का? माझ्या मते तर दुकानाचं अकाऊंटच वेगळं काढा.

क्रोमच्या सिंकले पासफ्रेज (डेटा लॉक करायचा आपला वेगळा गुप्त शब्द) टाकायची सोय बी हाय. ते विसरले तर सिंक रिसेट करा लागते, गूगलच्या सर्वरवरचा डेटा उडते, मशीनमधला राहते. फायरफॉक्समधी डेटा पहिल्यापासूनच लॉक करून जाते, म्हणून तिथली रिकव्हरी की (पासवर्ड विसरले तर डेटा परत काढायचा कोड) वहीत लिहून ठेवा.

अन् सिंक म्हणजे बॅकअप नाही हो! भाच्यानं दुकानात फोल्डर डिलिट केलं का घरचंही गेलं. महिन्यातून एकदा बुकमार्क मॅनेजरमधून एक्सपोर्ट मारून फाईल पेनड्राईववर टाकत जा. लाईन गेली तर घाबरायचं काम नाही, नेट आलं का बदल आपोआप पोचतात.

लिब्रेऑफिस (टायपिंग, हिशोबाचं फुकट सॉफ्टवेअर) मात्र स्वतःहून काहीच सिंक करत नाही. ते दोन्हीकडे बंद करा, विंडोजचं बटन अन् आर दाबा, अ‍ॅपडेटा हा शब्द इंग्रजीत, दोन्हीकडून टक्क्याचं चिन्ह लावून टाका. तिथं लिब्रेऑफिस, त्यात ४ नावाचं फोल्डर (व्हर्जन नवं असलं तरी ४च), त्यात युजर. ऑटोकरेक्ट, स्वतः जोडलेले शब्द, सगळं त्यातच असते. लॅपटॉपवरच्या युजरचं नाव बदलून बाजूले ठेवा, मंग दुकानातलं युजर फोल्डर तिथं कॉपी करा, बिघडलं तर जुनं परत लावता येते.

प्रिंटर, स्कॅनर अन् डीएससी टोकनचे (डिजिटल सहीच्या पेनड्राईवसारख्या यंत्राचे) ड्रायव्हर यातून येत नाहीत, ते दर मशीनवर वेगळेच टाका लागते.