रंगकामाचं एस्टिमेट हातात आलं की

गॅरेजवाला ‘एक पॅनल (म्हणजे दरवाजासारखा बॉडीचा एक भाग), फुल पेंट’ एवढंच म्हणाला, तर लगेच विचारा: क्लिअर कोट धरलाय का? मेटॅलिक गाडीचा रंग थरांत असतो. खालचा बेस कोट रंग देतो, पण सुकल्यावर तो निस्तेज दिसतो. चकाकी आणि उन्हापासूनचं संरक्षण वरच्या पारदर्शक क्लिअर कोटचं. तो ‘टू-के’च मागा. टू-के म्हणजे दोन घटकांचा माल, हार्डनर मिसळला की रासायनिक क्रियेने घट्ट होणारा. पेट्रोल सांडलं तरी सहसा विरघळत नाही.

रंगाच्या खालच्या थरांत पुट्टी खड्डा भरते, प्रायमर पत्र्याला धरून राहतो.

‘ब्लेंडिंग’ हा शब्द ऐकून उगाच पैसे वाढवताहेत असं समजू नका. सिल्व्हर रंग शेजारच्या पॅनलवर विरत नेला नाही, तर कलर कोड बरोबर असूनही उन्हात नवा दरवाजा वेगळा दिसतो. मला हा खर्च नेहमीच योग्य वाटतो.

गाडी ताब्यात घेताना पॅनलमध्ये ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. कडा संत्र्याच्या सालीसारख्या थरथरत्या दिसल्या, तर तो ‘ऑरेंज पील’. क्लिअर कोट पुरेसा जाड असेल, तर २००० नंबरच्या वॉटर पेपरने (पाणी लावून वापरायचा बारीक सँडपेपर) घासून कंपाउंड (पॉलिशची पेस्ट) मारल्यावर हा ऑरेंज पील बराचसा निघतो. पैसे चुकते करण्याआधीच करून घ्या.